दर महिन्याचे ड्रोन-नकाशे एकमेकांवर बसत नसतील तर

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन एकाच तक्रारीचा असतो. "दादा, मागच्या महिन्यातली झाडं या महिन्यात दोन मीटर पूर्वेला गेली." किंवा, "ताईंनी काढलेल्या नकाशात टेकडी हिरवी आहे आणि माझ्यात तपकिरी." पुण्यात टेकड्यांवरची लागवड, तळ्यांतली जलपर्णी आणि ओढ्याकाठी टाकलेला राडारोडा यांवर ड्रोनने लक्ष ठेवणारे बरेच गट झाले आहेत, आणि या भानगडीत सगळेच कधी ना कधी सापडतात. मीही सापडलो. एका फेब्रुवारीत मी एका गटाला 'अर्धी टेकडी वाळली' असं सांगणारा लालभडक नकाशा दिला होता. त्यांनी तो ग्रुपवर टाकला, लोक चिडले, पत्रं लिहायची तयारी झाली. मग रोज सकाळी त्याच वाटेने फिरायला जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "अहो, ही सगळी उंदीरमारी आहे. हिवाळ्यात तिची पानं गळतात आणि आत्ता ती गुलाबी फुलांनी भरलीय. वर जाऊन बघितलंत का?"

नव्हतो गेलो. खाली गाडीजवळ उभा राहून उडवलं होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. जमिनीवर काहीतरी बदललंय असं म्हणण्याआधी आपलं मोजमाप बदललेलं नाही, हे सिद्ध करायचं. खालचा क्रम फुकटातल्या तपासण्यांपासून खर्चाच्या तपासण्यांकडे जातो. मधली पायरी गाळून थेट महागड्या आरटीकेकडे (जमिनीवर ठेवलेल्या बेस स्टेशनच्या आधाराने जीपीएस सेंटीमीटरपर्यंत नेमकं करणारी यंत्रणा) उडी मारू नका. माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त प्रकरणं खुर्चीवरून न उठता सुटतात.

लक्षणं

तुमचं दुखणं यांतलं कुठलं, ते आधी ठरवा.

– अख्खा नकाशा एकाच दिशेला सरकलेला. आतली अंतरं बरोबर, पण सगळंच दोन-तीन मीटर बाजूला.
– मधला भाग जुळतो, कडा जुळत नाहीत. किंवा सपाट मैदान उंचीच्या नकाशात बशीसारखं खोलगट नाहीतर घुमटासारखं फुगलेलं दिसतं.
– टेकडीच्या माथ्यावरच भोकं, दुभंगलेली झाडं, तुटलेली पायवाट. पायथा मात्र स्वच्छ.
– तळ्याच्या मधोमध पाणीच नाही, नुसता पांढरा किंवा काळा डाग.
– जागा जुळते, पण एनडीव्हीआय (लाल आणि निकट-अवरक्त प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक) एकदम पडतो किंवा चढतो, आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही.
– राडारोड्याच्या ढिगाची उंची दोन नकाशांत दोन-चार नव्हे, पन्नासहून जास्त मीटरने वेगळी.

शेवटचं लक्षण वाचून हसू येतं, पण त्याचा खुलासा सगळ्यात सोपा आहे. तो पुढे येईल.

खुर्चीत बसून, फुकट

क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नकाशे उघडा आणि प्रत्येक लेयरचा सीआरएस, म्हणजे जागेचे आकडे कुठल्या पद्धतीत आहेत, ते बघा. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत पुणे ४३ उत्तर पट्ट्यात येतं, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. शहराच्या मध्यावर पूर्वेचा आकडा ३,७९,००० च्या आणि उत्तरेचा २०,४८,००० च्या आसपास दिसायला हवा. १८.५ आणि ७३.८ असे आकडे दिसले, तर ती फाइल अंशांमध्ये आहे. तिच्यावर क्षेत्रफळ किंवा अंतर काढू नका, आधी ती ३२६४३ मध्ये रूपांतरित करून घ्या. इथे एक खड्डा आहे. लेयरला नुसता दुसरा सीआरएस 'नेमून' दिला की आकडे तेच राहतात आणि फक्त पाटी बदलते. ते रूपांतर नव्हे. रास्टर मेनूतलं वॉर्प वापरावं लागतं. जुन्या टोपोशीटवरून काढलेली हद्द वर ठेवली असेल तर ती एव्हरेस्ट आधारावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) असू शकते, ड्रोन मात्र जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर बोलतो. ती हद्द मग शेजारच्या सोसायटीतून जाताना दिसते.

दुसरं, तुम्ही तुलना कशाशी करताय? बऱ्याच जणांचा 'नकाशा सरकलाय' हा निष्कर्ष गूगलच्या उपग्रहचित्राशी तुलना करून काढलेला असतो. ते चित्र स्वतःच काही मीटर इकडेतिकडे असू शकतं, आणि शहराच्या एका भागात बसलं म्हणून दुसऱ्या भागात बसेल असंही नाही. तुलना आपल्याच दोन नकाशांची आपसांत करा.

आता खरी तपासणी. याला मी बाण काढणं म्हणतो, आणि एवढी एकच पायरी केलीत तरी पुढचं अर्धं काम वाचतं. दोन्ही नकाशांत दिसतील अशा पाच-सहा अचल गोष्टी शोधा. पाण्याच्या टाकीचा कोपरा, पायरीची कड, मॅनहोलचं झाकण, उघड्या कातळावरची ठळक भेग. झाडाचा शेंडा घेऊ नका, तो वाऱ्याने हलतो आणि कॅमेऱ्याच्या कोनाने झुकतो. छपराची कडही शक्यतो नको. मागच्या महिन्याच्या बिंदूपासून या महिन्याच्या बिंदूपर्यंत प्रत्येक ठिकाणी एक रेघ ओढा आणि लांब होऊन बघा.

सगळे बाण एकाच दिशेचे आणि एकाच लांबीचे असतील तर नकाशा आतून निरोगी आहे. त्याला फक्त चुकीच्या जागी ठेवलं गेलंय. साध्या जीपीएसच्या ड्रोनमध्ये दोन ते पाच मीटर सरक हा बिघाडच नाही, तो त्याचा स्वभाव आहे. जुना नकाशा आधार धरून नवा त्याच्यावर क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरने बसवा, दहा मिनिटांचं काम. बाण मध्यापासून बाहेर पसरत असतील तर मोजपट्टीच चुकली आहे, बहुधा बशीचा दोष. आणि प्रत्येक बाण आपापल्या दिशेला गेला असेल तर फोटो नीट जुळलेलेच नाहीत. असा नकाशा ओढूनताणून बसवायचा प्रयत्न करू नका. रबरासारखा ताणून तो पाच बिंदूंवर बसेल आणि सहाव्यावर फसवेल.

रंग बदललाय की ऋतू?

जागा जुळली, पण हिरवाई पडली असं दिसत असेल तर ड्रोन परत बाहेर काढण्याआधी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं उघडा. ती फुकट आहेत, दहा मीटरचा पिक्सेल आहे, आणि पुणे ४३क्यूसीए या टाइलमध्ये (चित्राच्या चौकोनी तुकड्यात) मिळतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसं हाती लागत नाही, पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत भरपूर स्वच्छ चित्रं असतात. तुमच्या टेकडीचा मागच्या तीन-चार वर्षांचा एनडीव्हीआय महिन्यावार लावून बघा. आपल्याकडच्या टेकड्यांवर गवताचा वाटा मोठा. पाऊस संपला की ते पिवळं पडतं आणि आलेख दरवर्षी ऑक्टोबरनंतर घसरतो. वनखात्याने लावलेला गिरिपुष्प, म्हणजे आजोबांची ती उंदीरमारी, थंडीत निष्पर्ण होतो. तेव्हा फेब्रुवारीची तुलना नोव्हेंबरशी करू नका. मागच्या फेब्रुवारीशी करा. मला हे आधी सुचलं असतं तर त्या ग्रुपवर माफी मागावी लागली नसती.

उपग्रहाच्या आकड्यांतही एक जुना सापळा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलमधल्या प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात, आणि वापरण्याआधी ते वजा करायचे असतात. न केले तर काय होतं बघा. एका दाट झाडीच्या पिक्सेलमध्ये लाल बँड ५०० आणि निकट-अवरक्त ३००० आहे. वजाबाकी २५००, बेरीज ३५००, एनडीव्हीआय ०.७१. तेच झाड नव्या फाइलमध्ये १५०० आणि ४००० असं येतं. वजाबाकी तीच २५००, पण बेरीज ५५००, आणि उत्तर ०.४५. एक पानही न गळता झाडी 'विरळ' झाली! २०२१ आणि त्यानंतरच्या वर्षांची तुलना करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. गूगलचं अर्थ इंजिन वापरत असाल तर नावात 'हार्मोनाइज्ड' असलेला संग्रह घ्या, त्यात हे आधीच सरळ केलेलं असतं.

साध्या रंगीत कॅमेऱ्याच्या ड्रोनने 'एनडीव्हीआय' काढून देतो असं कुणी म्हणत असेल तर नम्रपणे नमस्कार करा. निकट-अवरक्त बँड नसेल तर एनडीव्हीआय निघत नाही. फक्त तांबडा, हिरवा, निळा वापरून काढलेले निर्देशांक असतात, कामाचेही असतात, पण ते वेगळे. दोन्हींची तुलना करायची नसते.

फोटो स्वतः बघा

हे कुणी करत नाही. चारशे फोटो कार्डवरून थेट वेबओडीएम किंवा मेटाशेप अशा, फोटो जोडून नकाशा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओततात. आधी त्यांतले वीस फोटो पूर्ण मोठे करून बघा. दगडाच्या कडा एकाच दिशेला ओघळल्यासारख्या दिसतात का? ड्रोन सेकंदाला ८ मीटर जात असेल आणि शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो ८ सेंटीमीटर पुढे सरकतो. शंभर मीटरवरून पिक्सेल जेमतेम तीन सेंटीमीटरचा. म्हणजे प्रत्येक दगड तीन पिक्सेलभर फासला गेला. शटर १/५०० केलं की तीच सरक १.६ सेंटीमीटर, पिक्सेलच्या आत. ढगाळ सकाळी ऑटोवर ठेवलेला कॅमेरा गुपचूप शटर मंदावतो, म्हणून शटर आपण ठरवायचं. व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून एका जागी बांधायचा. नाहीतर ढगाची सावली आली-गेली की अर्धा नकाशा निळसर आणि अर्धा पिवळसर होतो, आणि आपण त्यात रोग शोधत बसतो.

परत उडवायचं ठरलं तर

वेळ. पुण्यात सूर्य डोक्यावर बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला येतो, कारण घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७३.८ वर. झाडांसाठी साडेअकरा ते दीड ही वेळ मी पाळतो. सावल्या दिवसातल्या सगळ्यात आखूड असतात. तळ्यासाठी मात्र नेमकी हीच वेळ वाईट. सूर्य वर असला की पाणी आरशासारखं चमकून थेट कॅमेऱ्यात उतरतं. मेच्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, त्या दुपारी तळ्याचं चित्र म्हणजे नुसता पांढरा भडका. जलपर्णी मोजायला सकाळी नऊ-साडेनऊला जा. चमक टाळली तरी उघड्या पाण्याच्या मध्यावर फोटो जुळणारच नाहीत, कारण जुळवायला तिथे स्थिर खूणच नसते. त्यावर औषध नाही. उंची थोडी वाढवा म्हणजे प्रत्येक फोटोत काठाचा तुकडा येईल, आणि मध्यावरचं भोक 'पाणी' म्हणून हाताने भरा.

मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा (निकट-अवरक्तासारखे बँड वेगवेगळे टिपणारा) असेल तर उड्डाणाआधी आणि नंतर, प्रकाशाचं माप ठरवून देणाऱ्या करड्या पॅनेलचा फोटो हवाच. पॅनेलवर आपली सावली पडू देऊ नका, आणि त्याच्यावर बोट फिरवू नका. सनस्क्रीन लावलेल्या हाताचा एक ठसा मी महिनाभर 'वनस्पतींचा ताण' म्हणून वागवला आहे. ड्रोनच्या पाठीवरचा प्रकाश मोजणारा सेन्सर पुसून घ्या. आमच्याकडे मार्चनंतर धूळ किती असते ते सांगायला नको.

आता उंची, आणि इथे थोडं थांबायला हवं. टेकडीच्या माथ्यावर भोकं पडण्याचं कारण जवळपास नेहमी हेच असतं. ॲपमध्ये १०० मीटर लिहिलं, पण ते १०० मीटर उड्डाणाच्या जागेपासून मोजलेले असतात. तुम्ही पायथ्याशी, पार्किंगमध्ये उभे. माथा तिथून ६० मीटर वर. म्हणजे माथ्यावरून ड्रोन फक्त ४० मीटरवरून जातोय आणि एका फोटोत मावणाऱ्या जमिनीची लांबी चाळीस टक्क्यांवर आली. पण दोन फोटोंमधलं अंतर तेच राहिलं. पायथ्याशी ७५ टक्के असलेला ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंतला सामाईक भाग, माथ्यावर ३७ टक्के उरतो. एवढ्यात सॉफ्टवेअर फोटो जोडू शकत नाही. उपाय दोन. ॲपमध्ये टेरेन फॉलो (जमिनीच्या चढउतारानुसार उंची बदलणं) असेल तर ते चालू करा. किंवा टेकडीचे दोन टप्पे पाडा, खालचा पायथ्यावरून आणि वरचा माथ्यावर चढून उडवा. मी दुसरा पसंत करतो. चढताना जमीन दिसते, आणि वरून ड्रोन डोळ्यांसमोर राहतो. ओव्हरलॅप पुढे ८० आणि बाजूला ७५ ठेवा, झाडी दाट असेल तर त्याहून जास्त. बॅटरी जास्त जाते, जाऊ द्या.

माथ्यावर घारी घिरट्या घालत जवळ यायला लागल्या तर उतरवा. हिवाळा-उन्हाळ्यात त्यांची घरटी असतात, आणि निसर्गाचं निरीक्षण करायला जाऊन घारीच्या पंखाला पाती लावून येणं यासारखी लाज नाही.

खिळा

आरटीके घेतलं तरी नकाशा सरकतोच, अशी तक्रार आली की मी एकच विचारतो, "बेस कुठे ठेवला होता?" उत्तर असतं, "तिथेच, झाडाखाली, मागच्या वेळी होता तिथे साधारण." हे 'साधारण'च दुखणं आहे. बेसला त्याची खरी जागा सांगितली नाही तर तो स्वतःच जीपीएसची सरासरी काढून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज दर वेळी मीटर-दोन मीटर वेगळा येतो. ड्रोन त्या चुकलेल्या बेसशी सेंटीमीटरच्या नेमकेपणाने प्रामाणिक राहतो. बाण काढले तर सगळे एका दिशेचे, एका लांबीचे.

कातळात एक खिळा ठोका. खिळ्याची जागा एकदाच नीट मोजून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कॉर्स, म्हणजे कायम चालू असलेल्या नेमक्या जीपीएस स्टेशनांचं, जाळं महाराष्ट्रात आहे, नोंदणी करून त्याच्या आधाराने ती काढता येते. मग दर महिन्याला बेस त्याच खिळ्यावर उभा करून तेच आकडे हाताने भरा. स्क्रीनवर 'फिक्स' असल्याशिवाय उडवू नका, 'फ्लोट' म्हणजे अजून ठरलेलं नाही.

आरटीके नसेल तर जमिनीवरच्या खुणा, म्हणजे जीसीपी. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, हे किमान. टेकडी असेल तर एक माथ्यावर. शिवाय दोन खुणा हिशेबात न घेता फक्त पडताळणीला ठेवा, नाहीतर नकाशा बरोबर आहे हे कळणार कशावरून? मी पूर्वी फ्लेक्सचे चौकोन अंथरायचो. उड्डाण संपेपर्यंत त्यांतला एखादा कुणाच्या तरी बसायला जायचा. आता उघड्या कातळावर फक्कीने फुली मारतो, पावसात धुऊन जाते आणि कुणाचं काही बिघडत नाही.

बशीचा दोष बहुतेकदा खुणांनीच जातो. नाही गेला तर सरळ खाली बघणाऱ्या ग्रिडवर आडवं दुसरं ग्रिड टाका आणि थोडे फोटो कॅमेरा तिरका करून घ्या. सगळे फोटो समांतर असले की सॉफ्टवेअरला लेन्सचा वाकडेपणा आणि जमिनीचा वाकडेपणा यांतला फरक कळत नाही.

आणि ते पन्नास मीटर. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती गोलाभापासून. आपण म्हणतो ती समुद्रसपाटीपासून. पुण्यात या दोहोंत पन्नासहून जास्त मीटरचं अंतर आहे. एक नकाशा एका पद्धतीचा आणि दुसरा दुसऱ्या, एवढंच झालेलं असतं. दोन्ही एकाच पद्धतीत आणा, राडारोडा जागेवर येतो.

इथे थांबा

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा, लाल, पिवळे आणि हिरवे भाग दाखवणारा नकाशा उघडा. पुण्यात लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला संरक्षण प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळा कारखाना. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, पिवळ्यात हवाई नियंत्रणाच्या परवानगीशिवाय नाही. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. वनखात्याच्या जमिनीवर त्यांची परवानगी वेगळी. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. जिथे जमत नाही तिथे सेंटिनेलवर भागवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हद्दीचा वाद, वृक्षतोडीची तक्रार, न्यायालयात किंवा हरित लवादात जाणारा नकाशा असेल तर स्वतःचं पुरे करा आणि व्यावसायिक सर्व्हेअर बोलवा. तिथे सेंटीमीटर किती हे महत्त्वाचं नसतं. ते कुणी, कुठल्या उपकरणाने, कुठल्या बिंदूवरून मोजले आणि त्याच्यावर सही कुणाची, हे विचारतात.

ड्रोन एकदा आपटल्यावर बँड एकमेकांवर बसेनासे झाले, झाडाच्या कडेला लाल-हिरवी दुहेरी किनार दिसायला लागली, तर तो सॉफ्टवेअरचा विषय राहिला नाही. लेन्स हलली आहे. कॅमेरा उघडू नका, सेवा केंद्रात द्या. आणि बॅटरी टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल तर ती फुगली आहे. 'एवढं एक उड्डाण' करू नका, चार्जही करू नका. कारमधल्या उन्हात न ठेवता वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.